आत आलोय, खरं

हिंदुराव चौगुल्यांचा शिरोलीतून फोन,
मागं भट्टीचा आवाज.
"मॅडम, आत आलोय, खरं भाईर कसं पडायचं?"

मी म्हटलं, बॅक दाबा.
"दाबलं की. आठ ओळी भरल्या होत्या, सगळ्या गेल्या.
पिग आयर्न, सिलिका वाळू, बेंटोनाइट,
आणि त्या गाडीचा नंबर.
गाडी तर किणीच्या पुढं गेली आता."

दुसऱ्या दिवशी मीच गेले.
स्टोअरच्या खिडकीत कॉम्प्युटर,
कीबोर्डवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर काळी धूळ,
आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलं एक चलन,
पाठकोऱ्या बाजूला निळ्या पेनानं:
स्टोअर, त्यात आवक, त्यात वाळू, त्यात आजची गाडी.
सहा महिने मी जे बांधत होते
त्याचा नकाशा
इतका नीट मलाही काढता आला नव्हता.

"याला आमच्यात ब्रेडक्रम्ब म्हणतात," मी म्हटलं.
"म्हंजे?"
"पावाचा चुरा. वाट चुकू नये म्हणून टाकत जायचा."
ते हसले. "चिमण्या खातील की ओ.
त्यापरास माणसाला विचारावं."

आणि विचारलं तर इथला माणूस सांगतो कसं:
मंगळवार पेठ, पेठेत तालीम,
तालमीच्या अंगाला बोळ, बोळात पिठाची गिरणी,
गिरणीच्या वर.
तू रंकाळ्यावरून आलास की स्टँडवरून,
कुठं कुठं चुकलास, कुठं चहा प्यालास,
त्याला घेणंदेणं नाही.
घर कशाच्या पोटात आहे, तेवढंच.

तावडे हॉटेलपाशी रिक्षाची वाट बघताना
माझी चूक मला दिसली.
मी पावलं मोजत बसले होते.
माणूस जिथं जिथं फिरला ते सगळं
वरच्या ओळीत, बाणांनी जोडून.
चौगुले तीनदा भरकटले की
ओळच स्क्रीनबाहेर.

रात्री राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या ऑफिसात,
ती सगळी फिरस्ती पुसली.
"इन्व्हेंटरी मॉड्यूल" खोडलं, "स्टोअर" लिहिलं.
"इनवर्ड रजिस्टर" खोडलं, "आवक".
बाणही काढले, तिरकी बारीक रेघ ठेवली,
पेनानं ओढल्यासारखी.
प्रत्येक शब्दाला दार.
शेवटच्याला नाही.

सिद्दिका टेस्टिंगला बसली होती.
"हा शेवटचा मेलाय. दाबला तर हलत नाही."
"तिथंच तर उभा आहे माणूस. तिथं कुठून जाणार?"
ती क्षणभर थांबली,
म्हणाली, "बरं, मग राखाडी तरी कर,
नाहीतर दाबत बसतील माझ्यासारखे."
केला.

मोबाईलवर मात्र ओळ मावेना.
पहिला शब्द ठेवला, शेवटचा ठेवला,
मधले दोन तीन ठिपक्यांत दुमडले,
बोट लावलं तर उलगडतील असे.
अकरा वाजता गाडी काढली,
आणि घराचं दार उघडताना लक्षात आलं,
उमा टॉकीजचा चौक कधी ओलांडला
आठवतच नाही.

बुधवारी फोन. मागं भट्टी.
"मॅडम, ती वरची ओळ."
"हां?"
"वाळूवर बोट ठिवलं, वाळूत आलो."
"आणि भरलेलं?"
"हाय की. विचारतंय, जाऊ का थांबू."

थोडा वेळ नुसती भट्टी.

"तो कागद काढला न्हाई हं अजून.
असू दे म्हटलं.
लाईट जाते की."