शेवटी के

माझ्या नंबराच्या शेवटी आकडा नाही, अक्षर आहे: के.
केयोनच्या औषधांच्या दुकानात
तीस वर्षं मी तो मोठ्यानं सांगत आले,
रक्तदाबाच्या गोळीवर सूट मिळते म्हणून.
मागे रांगेत अर्धं गाव,
ओल्या लोकरीचा वास,
कुणाच्या तरी कडेवर खोकणारं पोर.
गॅसच्या टाकीसाठी सांगितला,
बटाट्याच्या बियाण्यासाठी सांगितला,
चर्चच्या सोडतीत एक मेंढी होती
तिच्यासाठीसुद्धा सांगितला.
मेंढी काही लागली नाही.

नंबर कुणाला लागला, ते मार्चमध्ये कळलं.

पाकीट आलं.
मी म्हणे आन्तोफागास्तात राहते.
तिकडे वाळवंट आहे, छपरं गळत नाहीत.
मी तिथं एक मोटरसायकल घेतली, लाल.
पासष्ट इंची टीव्ही. दोन फोन.
आणि, हे मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं,
दातांना तारा.
छत्तीस हप्ते.

माझ्या वरच्या ओळीत चार दात उरलेत.

बँकेतला येर्को माझ्या भाचीच्या वर्गातला.
त्यानं पडदा माझ्याकडे वळवला:
सही जुळते, बाई.
खरंच जुळत होती.
बार्रीयातल्या बी-ला जे वळण मला
शाळेत कधी जमलं नाही,
ते तिनं सहज काढलं होतं.

मग म्हणाला, अंगठा ठेवा.
ठेवला.
पुसून ठेवा. दुसरा ठेवा. जरा दाबून.
यंत्र दर वेळी लाल झालं.

बावीस वर्षं सामन माशाचे काटे उपटले मी,
चिमट्यानं, बर्फाच्या पाण्यात,
पाळी संपली की क्लोरीननं हात धुवायचे.
कुठल्या माशाबरोबर गेल्या असतील माझ्या रेषा?
कुठल्या देशात, कुणाच्या ताटात?
अडाणी माणसाचं निदान एवढं तरी असतं,
निशाणी डावा अंगठा.
मला लिहिता येतं,
आणि अंगठा कोरा.

फोनवर पाऊण तास तेच पियानोचं गाणं.
चार दाबा. दोन दाबा. थांबा.
मग एक बाई, गोड आवाजाची,
खात्रीसाठी विचारते, आईचं नाव सांगा.
रोसाल्बा, मी म्हणाले.
माफ करा, चूक.

रोसाल्बा रेमोल्कोय, तेनाउनची,
जिनं मला होडीत जन्म दिला
कारण सुईण पलीकडच्या बेटावर होती.
चूक, बाई. एक संधी उरली आहे.

मी फोन ठेवला. ती एक संधी तशीच आहे अजून.

पोलिसांनी कागद दिला. नोटरीनं त्यावर शिक्का मारून
पैसे घेतले. बँकेनं तो कागद
दुसऱ्या बँकेकडे पाठवला म्हणतात.
हप्ता मात्र महिन्याच्या पाचला न चुकता येतो.
त्याला माझं घर बरोबर सापडतं.

शिव्या देते मी तिला, चुलीत लाकूड सारताना,
ठेवणीतल्या, वडिलांच्या होडीवरच्या.
आणि मग कधी कधी दिसते ती मला:
रिकामा रस्ता, लाल मोटरसायकल,
कोरडे केस.
हसताना तोंडावर हात नेत नसेल ती.
मी नेते.

काल गोळ्या संपल्या.
काउंटरवर मी चिठ्ठी पुढे केली,
तळव्यानं झाकून, हळूच.
सूट नको, म्हटलं, पूर्ण पैसे घे.
नको काय, दोन्या एदुविना? मायतेन हसली,
चिठ्ठी न बघताच.
तुमचा नंबर मला पाठ आहे,
लहानपणी याच रांगेत आईच्या मागे उभी असायचे.

आणि तिनं म्हणून दाखवला,
बाराखडी म्हणावी तसा, खणखणीत,
एकही आकडा न चुकता,
दारापर्यंत गेलेल्या त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

शेवटी के, ती म्हणाली.

हो, मी म्हणाले. मीच.