दहापैकी

वाळपईला दीड वाजतो.
टिप्पर विकून सात वर्षं झाली,
कंबरेतला रस्ता मात्र अजून उसगावचाच,
खड्ड्यांसकट.

बांबोळीचा डॉक्टर विचारतो, दहापैकी किती?
झोपलो तर चार, मी म्हणतो.
नाही झोपलो तर
चादरीची चुणीसुद्धा सात.

काल पंख्याचा वारा पाठीला लागला
आणि मी ओरडलो.
वारा!

दुखतं म्हणून जागा,
जागा म्हणून जास्त दुखतं.
आधी कोण आलं
ते आता आम्हा तिघांनाही आठवत नाही.

सुलक्षा पलंगाच्या काठावर निजते,
बांगड्या काढून,
रात्रभर कूस न बदलता.
पहाटे उठताना
स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून
थांबते जराशी.

मी जागाच असतो.
विचारत नाही.