मानशीचं दार

चोडणच्या भौसाची वही माझ्याकडे आली
ती एक्सएमएल होऊन, झेफेरीनच्या हातची.
एकशे बारा वर्षांचं खाजन.
कुणाचं शेत, किती खंडी भात,
बांध फुटला तेव्हा चिखल कुणी वाहिला.
प्रत्येक गोष्टीला टॅग, एक उघडणारा, एक मिटणारा.
मला रायबंदरच्या ऑफिसात बसून
त्याचं पुस्तक करायचं होतं,
चवथीच्या आत.

टेम्प्लेटं लिहिली.
शेत दिसलं तर नवी ओळ, नाव ठळक.
वारस दिसला तर थोडा आत सरकवून,
बापाच्या नावाखाली.
बुडालेलं शेत दिसलं तर अक्षरं तिरपी.
आता बुडालेलं शेत हेही शेतच,
दोन्ही नियम त्याच्यावर हक्क सांगतात,
भाटकार आणि मुंडकार कोर्टात उभे राहावेत तसे.
इथे निकाल झटकन लागतो.
जो जास्त नेमकं बोलतो, त्याचं शेत.
दोघं सारखेच नेमके असतील
तर ज्यानं शेवटी लिहिलं त्याचं.
कचेरीतही असंच चालतं म्हणतात.

पहिली प्रत काढली.
सतराव्या पानावर, दोन शेतांच्या मध्ये,
ना ठळक ना तिरपी,
आगापिछा नसलेली एक ओळ:
सदर रात्रीं मानशीवर रुझार एकटा होता

हिला कुणी बोलावलं?

शोधलं. टॅगचं नाव शेरा.
शेऱ्याला मी नियमच दिला नव्हता.
आणि ज्याला कुणीच नियम दिला नाही
त्याच्यासाठी एक नियम आधीपासून असतो,
कुठेही न लिहिलेला:
आत जा. पोटच्यांना भेट.
त्यांनाही नियम नसेल तर त्यांच्या पोटच्यांना.
तळाशी अक्षरं लागतील.
ती आहेत तशी बाहेर सोड.

साल मात्र आलं नव्हतं.
साल टॅगच्या अंगावर होतं, पोटात नव्हतं.
अंगावरच्याला मुद्दाम हाक मारावी लागते.

अवधूतबाब म्हणाले, कचरा आहे, काढून टाक,
रिकामं टेम्प्लेट घाल, एका ओळीचं काम.
खरं आहे.
शेऱ्याशी जुळव, आत काही नको, तिरकी रेघ, झालं.
नियम नसला तर माणूस निदान बोलून जातो.
रिकाम्या नियमाखाली
तो होता हेही उरत नाही.

रविवारी फेरीनं चोडणला गेले.
मानस पाहिली. लाकडी दारं, शेवाळलेली.
भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, दार मिटतं.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, दार उघडतं.
जाळं लावून एक पोरगा बसला होता.
म्हटलं, हे उघडतं कोण?
तो हसला: उदकूच उगडटा, कोण कित्याक जाय?

परतीच्या फेरीत, स्कूटरच्या आरशात
बेट मागे जाताना लक्षात आलं.
दार आपोआप चालतं
तर रुझार त्या रात्री तिथे काय करत होता?

सोमवारी मूळ फाइल उघडली.
शेऱ्याच्या खाली एक कॉमेंट, झेफेरीनची:
दारांत ओंडका अडकलेलो. काडपाक देंवलो. म्हजो आजो.

मी इतके दिवस त्या न लिहिलेल्या नियमाला
दयाळू समजत होते.
तो अक्षरांना सोडतो.
कॉमेंटपाशी येतो तेव्हा काहीच करत नाही,
पुढे जातो.

झेफेरीनला फोन लावला.
मागे कोंबड्या, कुणीतरी नारळ सोलत होतं.
म्हटलं, कॉमेंटसाठी एक टेम्प्लेट लिहू?
दोन ओळींचं काम आहे.
बराच वेळ फक्त सोलण्याचा आवाज.
मग म्हणाला,
छापपाक न्हय गो, म्हूण तशें बरयलां.

कॉमेंटसाठी काही लिहिलं नाही.
शेऱ्यासाठीही नाही.
प्रुफात सतराव्या पानावर
अवधूतबाबांचा तांबडा गोल आहे
आणि गोलाच्या आत रुझार,
साल नसलेला,
पाणी कुठल्या बाजूनं रेटतंय ते बघत.