कलम अकरा

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं:
निघालेला मलबा ठेकेदाराने उचलावा,
निघालेलं सागवान मालकाचं.
एकतीस वर्षं ऑडिटमध्ये लोकांच्या बिलांवर
हिरव्या शाईने आक्षेप काढले,
आता त्रिमूर्तीनगरच्या माझ्याच घरावर काढते आहे.

बोपचे समोर, खुर्चीच्या टोकावर.
कूलरचं वारं कागद उडवायला लागलं
तसा त्यांनी त्यावर मोजायचा टेप ठेवला.
"मॅडम, एवढं कायले लिहिता जी?
शब्द देला म्हणजे देला."

शब्द मागच्यानेही दिला होता.
अर्धं स्वयंपाकघर फोडून, चाळीस टक्के घेऊन
भाचीच्या लग्नाला तिरोड्याला गेला
तो गेलाच.
नऊ महिने हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, आमचा गॅस.

हे मी बोपच्यांना सांगत नाही.
कलम चार वाचून दाखवते:
पैसे कामाच्या टप्प्यावर, तारखेवर नाही.
रेती कन्हानची, चाळलेली.
जास्तीचं काम आधी लेखी, मग हातोडा.
कलम नऊ: दहा टक्के रक्कम वर्षभर माझ्याकडे.
दहावं नेहमीचंच,
वाद झाल्यास न्यायक्षेत्र नागपूर.

नवव्यावर ते थांबले होते.
पंख्याच्या पात्या मोजाव्यात तसे वर बघत म्हणाले,
"माहं बी एक लिहा.
मे महिन्यात बारा ते चार काम बंद.
मागच्या वर्षी स्लॅबवर सुखराम पडला,
तं मालक म्हणे, करारात कुठी आहे?"

मी पेन उचललं.

काम सत्तर दिवसांचं होतं, एकशे चार लागले.
उशिराच्या दंडाचंही कलम होतं,
ते काढून पाहिलं, आणि पाहिलं की
दिवस मोजताना बारा ते चार मी धरलेच नव्हते.
आक्षेप माझ्यावरच निघाला असता.

वर्ष भरलं त्या सकाळी बोपचे आले.
चहाच्या आधी खिशातून रुपया काढला,
उकिडवे बसून एकेक टाइल वाजवत गेले,
टक्, टक्, टक्,
दारामागे ठप्प.
"हे बोलून राहिली," म्हणाले.

मला ती मार्चपासून माहीत होती.
कपाटात पाकीट तयार होतं,
तिचे नऊशे कापून.

त्यांनी थैलीत छिन्नी शोधली तेवढ्यात
मी आत जाऊन
ते नऊशे परत घातले.