स्टँडवर अर्धा तास

हर्षला, रजेवरून आलीस त्याच दिवशी तू विचारलंस,
ताई, तुम्ही सगळं कसं जमवता?
मी नळ्यांवर नावं चिकटवत होते.
म्हणाले, जमतं गं.
खोटं बोलले.

आज रविवार. मशीन धुण्याला लावलंय,
बावन्न मिनिटं दाखवतंय.
तेवढ्यात लिहिते.

सकाळ रात्रीच करून ठेव.
मूग भिजवून, कणीक मळून,
बाळाची पिशवी दाराच्या कडीला अडकवून.
सकाळी डोकं चालत नाही, हात चालतात;
हातांना सापडेल तिथे सगळं असू दे.
माझी स्कूटरची किल्ली साखरेच्या डब्यावर असते,
कारण चहाशिवाय मी घर सोडत नाही.

भाज्या रविवारी निवडून ठेव. मेथी सोडून.
नोकरीच्या दिवसांत मेथी आणायचीच नाही,
ती सासूबाई आल्या की.

घड्याळ मी बघत नाही,
कुकरच्या शिट्ट्यांत मोजते.
एका शिट्टीत वेणी. दोनांत आंघोळ.
तिसरीला मी आतून ओरडते
आणि यशोधन गॅस बंद करतो.
त्याला शिकवायला तीन वर्षं लागली,
त्याच्या बाबांना सात.

नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणू नकोस.
मदत पाहुणे करतात.
मंगळवार, गुरुवार तुझे, असं कॅलेंडरवर लिही,
दुधाच्या हिशेबाशेजारी, पेनाने,
आणि त्या दिवशी भाताचा गिचका झाला तरी
गुपचूप जेव.
हे मला अजून जमत नाही.

सेंट्रिफ्यूज लावलं की दहा मिनिटं मिळतात.
तुम्हाला वाटतं मी स्टोअरमध्ये जाते.
मी जिन्यात उभी राहून घरी फोन लावते.
जेवलास? हो. काय? डब्यातलं.
पुढे तो बोलतच नाही,
नुसता कार्टूनचा आवाज येत राहतो.
मी तो ऐकते.

एक डायरीही केली होती,
दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, चार रंगांत.
पौषात एका संध्याकाळी पामबीच रोडच्या सिग्नलला
हिरवा लागला, आणि मला आठवेना
मी घरी निघालेय की घरून.
मागे हॉर्न. स्कूटर कडेला घेतली.
खाडीत फ्लेमिंगो उतरले होते, लोक फोटो काढत होते.
मला काही विशेष वाटलं नाही,
एका पायावर उभं राहणं मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या त्या नव्या मुलाने
लाल टोपणाच्या नळ्या आल्या आल्या फिरवायला घातल्या.
मी खेकसले, अरे, आधी स्टँडवर ठेव! अर्धा तास!
रक्ताला गोठायला वेळ दे,
नाहीतर वर जाळं धरतं, सीरम हाती लागत नाही,
पेशंटला परत सुई.

बोलून झालं,
तरी हातातली नळी खाली ठेवेना.

तेव्हापासून घरी गेल्यावर
अर्धा तास मी कुणाची नसते.
चपला काढते, बाल्कनीतल्या उलट्या बादलीवर बसते.
काही वाचत नाही, फोन आत.
समोरच्या सोसायटीत कुणीतरी कुंड्यांना पाणी घालतं,
ते सगळं खालच्यांच्या गाडीवर पडतं.
आधी यशोधन दर पाच मिनिटांनी डोकवायचा.
आता त्यानेच दाराला कागद चिकटवलाय:
‘आई स्टँडवर आहे.’

सहा मिनिटं उरलीत. खरं तर
हे एकच सांगायचं होतं आणि मी मेथीत अडकले.
दुपारी दोनच्या सुमाराला तू ओढणी सारखी सावरतेस,
बाथरूममध्ये जातेस, डोळे धुऊन येतेस.
बाथरूम नको.
स्टोअरची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये, उजव्या कोपऱ्यात.
आत खुर्ची ठेवलीय, कडीला तेल दिलंय.
विचारू नकोस, घे.
नळ्या मी बघते.

मशीन वाजलं. कपडे वाळत घालते.