एक रोखलेलं

हर्णै. बर्फ कारखान्यामागची सोसायटीची खोली.
बंदीचे दिवस, होड्या वर ओढून शाकारलेल्या,
सर्व्हर दोन तास आडवा झाला तरी
कुणी दारात येऊन शिव्या घालणार नाही.

अपडेट. एकशे बारा पॅकेजेस,
कुणाच्या तरी दूरच्या जागरणातली ठिगळं.
मी 'वाय' दाबते.
खाली तीच ओळ, दर साली:
एक रोखून ठेवलेलं.

रऊफ होडेकरने रोखलंय, कुवेतला जाण्याआधी.
कारण लिहिलं नाही.
डिझेल कुपनांचा प्रोग्रामही त्याचाच.

गेल्या साली मी सोडवलं होतं ते.
सकाळी पावशे तांडेल कागद धरून उभे:
"बाय, माझ्या होडीचा नाव खय गेला?"
नावाच्या जागी चौकोन.
बत्तीस होड्या, नुसते चौकोन.
जुनी आवृत्ती परत बसवेपर्यंत दिवेलागण झाली.

त्या लायब्ररीतलं भोक मला ठाऊक आहे, क्रमांकासकट.
म्हणून आज या मशीनची नेटची वायरच काढली,
आणि वहीत लिहिलं, रऊफने न लिहिलेलं:
हात लावू नये. यात नावं आहेत.

रीबूट.
दर्यादौलत आली. गौसपाक आली.
पावश्यांची
अजून येतेय.