खुंट

साखर पेठेच्या मैदानावर दोन खुंट होते.
गड्डम सरांनी मिलच्या मोडक्या तुळईतून
स्वतः तासलेले.

निवडणुकीआधी भाऊंनी जर्सी दिल्या.
छातीवर भाऊ,
पाठीवर भाऊंचा मुलगा,
आमचा नंबर बगलेत कुठंतरी.

सभेच्या मांडवाला खांब कमी पडला
म्हणून एक खुंट उपटून नेला.
'उद्या आणून टाकतो की.'

भाऊ पडले.
खुंट आला नाही.

आता त्या टोकाला श्रीवेणी उभी राहते,
हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून.
आम्ही पळत येतो, तिला धरून वळतो.
तिच्या ओढणीला आईच्या विड्यांचा वास.

काल दुसरे भाऊ आले,
जर्सीची मापं विचारत.
डोळे न उघडता श्रीवेणी म्हणाली,
चार फूट. सागवान.
जमिनीत गाडायचं वेगळं धरा.